कुरडयांचा वर्ग

वर्ग मी बंद केला त्याला आता दोन उन्हाळे झाले. लोक अजून विचारतात. परवा बँकेच्या रांगेत एक बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, किती छान वर्ग होता तुमचा! काहून बंद केला?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण वर्ग काही त्यांच्यामुळे बंद झाला नाही.

सुरुवात एका फोनपासून झाली. मला निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. पुण्याहून सुनेचा फोन आला. "आई, कुरडया घरी कशा करतात हो?" मी उभा जन्म अकोल्याच्या शाळेत गणित शिकवलं. कोणी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही, असं फारसं कधी झालं नव्हतं. मी सांगायला लागले, "गहू भिजवायचे तीन दिवस, रोज पाणी बदलायचं, मग..." आणि त्यापुढे मला काही सुचेना. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात आई दर चैत्रात कुरडया घालायची. घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर वाळत घातलेल्या कुरडयांना मी काठी घेऊन राखण बसले होते, वाटीत गव्हाचा गरम चीक आणि वर तेल घेऊन तो खाल्लाही होता. पण तो शिजायचा तेव्हा मी चुलीपाशी कधीच नव्हते. मी आतल्या खोलीत अभ्यास करत असे. पुढे लग्न, नोकरी, आणि कुरडया बाजारातल्या.

सुनेला मी म्हटलं, "विचारून सांगते." फोन ठेवला आणि मला फार लाज वाटली. त्या लाजेतूनच पुढचं सगळं झालं.

हिवरखेडला माझी एक चुलतकाकू आहे. सत्तरी उलटलेली, काटकुळी, बोलायला तुटक. तिला सगळं येतं. गव्हाचा चीक, ज्वारीच्या खारोड्या, काडीवर वळायचे सरगुंडे, गोधडी, मातीची चूल घालणं, कडुनिंबाचा पाला घालून वर्षभराची ज्वारी टिकवणं. मी तिला म्हटलं, "काकू, मी वर्ग काढून राहिली. तू शिकवशील?" ती म्हणाली, "मले कोण शिकायले येते व? सारं तं दुकानात भेटते." पण आली. दर गुरुवारी एसटीने यायची, माझ्याकडे दोन मुक्काम करायची आणि शनिवारी परत जायची.

मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एका देवळामागचा हॉल आम्हाला मिळाला. त्याची गच्ची मोठी होती, वाळवणाला चांगली. व्हॉट्सअॅपवर मी मोठं पत्रक पाठवलं. आपल्या आजीचं ज्ञान आपल्या हातात, असं काहीतरी त्यात लिहिलं होतं. पहिल्या दिवशी हॉल भरला. डॉक्टरांच्या बायका, माझ्या जुन्या सहकारी, दोन वकिलीणबाई. काकूने चिकाच्या पातेल्यात लाकडी हाटा घातला की पंधरा मोबाईल वर व्हायचे. बायका हसायच्या, एकमेकींचे फोटो काढायच्या, शेवटी गरम चीक खाऊन घरी जायच्या. काकू घोटून घोटून घामाने भिजलेली असायची. तिच्या हातातला हाटा घ्यायला कोणी पुढे होत नसे. मीसुद्धा नाही. मी हजेरी घेत होते.

एकच मुलगी पुढे झाली.

ती जुन्या शहरातच दिलेली होती, वर्गापासून तीन गल्ल्या सोडून. माहेर दर्यापूरकडचं, म्हणून मला ती आपली वाटली. लग्नाला सहा महिने झालेले, शिक्षण बी.एस्सी. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ही वर्गाच्या आधीच येऊन बसते. एकदा मीही लवकर गेले. ती खिडकीखाली पाय दुमडून बसली होती आणि मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड पुस्तक होतं. मला पाहून तिने ते पदराखाली घेतलं.

"काय वाचून राहिलीस?"

"काई नाही मॅडम."

मी हात पुढे केला. शाळेतली सवय. तिने पुस्तक दिलं. नोकरभरतीच्या परीक्षेचं होतं.

"घरी नाही वाचत?"

"घरी कोणी नाही म्हणत नाही मॅडम," ती म्हणाली. "पण मी पुस्तक घेऊन बसली का सासूबाईले काईतरी काम आठवते."

त्या पानावर काळ, काम आणि वेगाची गणितं होती. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. तिने तीन चुकवली होती. मी तिथेच खाली बसले आणि तिला दाखवलं. चौथं तिने स्वतः सोडवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी शाळा आठवली. मी तिला म्हटलं, घरी सांग की वर्ग अडीचला सुरू होतो. वर्ग तीनला होता. तो अर्धा तास आमचा दोघींचा झाला. त्या अर्ध्या तासाच्या आनंदासारखा आनंद मला निवृत्तीनंतर दुसऱ्या कशात मिळाला नाही.

पण वर्गात शिकवलेलंही तिला येऊ लागलं, तेच वाईट झालं. काकूच्या हातातला हाटा तिने घेतला तो सोडलाच नाही. चीक फुगायला लागला की तो कधी सैल करायचा, कधी झाकायचा, हे तिला न सांगता कळायचं. सरगुंड्यांची तर गंमतच. ज्वारीच्या दाण्याएवढी कणकेची गोळी घ्यायची आणि बारीक काडीवर अशी फिरवायची की तिचा पोकळ वेढा होतो. आमच्या वकिलीणबाईंचे वेढे तुटून पडायचे. ही गप्पा मारता मारता सूप भरून टाकायची. काकू एकदा तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हिचा हात बसला." मला वाटलं, कौतुक केलं. काकूचा चेहरा मी नीट पाहिला नाही.

मी सगळीकडे सांगत सुटले. माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी. एका स्थानिक पेपरात तिचा फोटो छापून आणला. खाली माझं नाव होतं, वर्गाच्या संचालिका म्हणून. थंडीत अमरावतीला बचतगटांचं प्रदर्शन होतं, तिथे टेबल मिळवलं आणि तिला घेऊन गेले. सोबत सासू आली. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा भेटले. ठेंगण्या, हसऱ्या, हातात कापडी पिशवी. मुलगी टेबलामागे बसून सरगुंडे वळत होती आणि भोवती गर्दी जमली होती. "ऑर्डर घेता का?" असं कोणी विचारायला लागलं. सासूने नंबर सांगितला. मी जाड मार्कर काढला आणि पुठ्ठ्यावर तो नंबर लिहिला, फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरांत. तो पुठ्ठा मी स्वतः टेबलाला बांधला.

येताना एसटीत सासूला डुलकी लागली. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, फॉर्म निघाला."

फॉर्म आम्ही माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर भरला. केंद्र अमरावती आलं, तारीख वैशाखातल्या एका रविवारची. मी म्हटलं, मी येते तुझ्यासोबत. परीक्षेला एकटं जाऊ नये, पोट बिघडतं. ती खूप हसली.

मग दुसरा उन्हाळा आला. वर्ग पुन्हा सुरू झाले, पण आता ओळखीतले सगळे माझ्याकडेच कुरडया मागायला लागले होते. पुण्याची सून, तिच्या मैत्रिणी, माझे नागपूरचे जुने विद्यार्थी. मी प्रत्येकाला तो नंबर दिला. मला वाटायचं मी तिचं भलं करते आहे. चार पैसे हातात आले तर घरात तिची किंमत वाढेल, मग अभ्यासालाही कोणी आड येणार नाही, असा माझा हिशेब होता. उभा जन्म गणित शिकवलेल्या बाईचा हिशेब.

ती वर्गाला यायची थांबली. पहिल्या आठवड्यात निरोप आला, घरी पाहुणे आहेत. दुसऱ्या आठवड्यात काही निरोपच नाही. मला राग आला होता, हे मी कबूल करते. जरा नाव झालं आणि पोरगी बदलली, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्याने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "तिला फोन केलास का?" मी केला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. आवाज अगदी साधा होता. "मॅडम, तुमी नोका येऊ उद्या. मी यांच्यासंग गाडीवर जाऊन राहिली." मला बरंच वाटलं. ऊन भयंकर होतं, एसटीचा प्रवास टळला. सोमवारी मी मेसेज केला, पेपर कसा गेला? उत्तर आलं, बरा गेला.

पुढे उत्तरपत्रिका इंटरनेटवर आल्या. मी तिला तीनदा मेसेज करून बैठक क्रमांक मागितला. बसून सगळे प्रश्न तपासू म्हटलं. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी मी रिक्षा करून जुन्या शहरात गेले.

घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. अंगणात भिजवलेल्या गव्हाची तीन पिंपं आणि त्यांचा आंबूस वास. सासूने मला पाहिलं आणि पदर सावरत धावतच पुढे आल्या. "या मॅडम, या! बसा. पाणी आण व." आणि आत बघून स्वतःच म्हणाल्या, "राहू दे, चीक सोडू नोको, मीच आणतो." मागच्या पडवीत मुलगी चुलीवरच्या मोठ्या गंजापुढे उभी होती. ती घोटत होती. कोपरापासून मनगटापर्यंत हातावर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही कालचे. शिजता चीक उडतो तो चिकटतो, पुसून निघत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गंजाकडे पाहिलं.

मी विचारलं, "परीक्षा?"

उत्तर सासूने दिलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "अवो, कुठची परीक्षा! त्याच दिवशी मोठी ऑर्डर होती ना. तुमच्या पुण्याच्या सूनबाईची अन् तिच्या मैत्रिणीईची. गहू भिजले होते, चीक निवळला होता. एक दिवस थांबला असता तं सारा आंबला असता. लोकाईले शब्द देल्ता आपण. पेपर काय, ती पुढच्या साली देईन." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमचे भल्ले उपकार आहेत मॅडम. तुमी शिकवलं म्हणून हे सारं."

पुण्याची ऑर्डर. ती मीच फोनवर ठरवून दिली होती. सुट्टीत येऊ तेव्हा तयार ठेवा, असं सून म्हणाली होती आणि मीच दिवस सांगितला होता. तो परीक्षेच्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचा होता, म्हणजे कुरडया रविवारीच घालाव्या लागणार, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या अंगात शाळा संचारली. मी त्या बाईंना त्यांच्याच घरात उभं राहून सुनावलं. तुम्ही मुलीचं वाटोळं केलं, तिची बुद्धी काय आहे तुम्हाला ठाऊक नाही, असं सगळं. आणि सुनावता सुनावता बोलून गेले, "अर्धा अर्धा तास आधी येऊन अभ्यास करायची ती वर्गात!"

सासूचं हसू गेलं. त्यांनी पडवीकडे पाहिलं. "हाव व? वर्ग अडीचचा नव्हता?"

मुलीचा हात थांबला. दोन-तीन क्षणच थांबला असेल, पण चिकाने गाठी धरल्या. सासू पुढे झाल्या, तिच्या हातातून हाटा घेतला आणि स्वतः घोटायला लागल्या.

मुलगी मला सोडायला गल्लीपर्यंत आली. उन्हात आम्ही उभ्या राहिलो. मी म्हटलं, "माझं चुकलं."

"मॅडम, तुमी मले हे शिकवलंच नसतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले काई येत नव्हतं तवा घरात कोणाले माही गरज नव्हती. मी एका कोपऱ्यात बसून वाचू तं शकत होती. आता माह्याबिगर कोणाचं भागत नाही."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी देशील, मी येते शिकवायला. ती म्हणाली, "दिवस गेले आहेत मले." आणि आत गेली.

त्या गुरुवारी काकू आली. मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती, तशीच सोलत राहिली. मग म्हणाली, "मी माह्या पोरीले यातलं एकबी नाही शिकवलं. मुद्दाम."

"काहून?"

"हात बसला का बाई सुटत नाही. मी सुटली का? लग्नाच्या सालीच सासऱ्याले माह्या हातच्या सरगुंड्याईची गोडी लागली. मंग काय, बाळंतीण होती तरी सरगुंडे वळायले पाटावर बसवत. माह्या मायचं तोंड पाह्यले जायचं होतं तवाबी घरात पाहुणे होते. गेली तं माय सरणावर."

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी फक्त कृती विचारली होती आणि वहीत प्रमाणं लिहून घेतली होती.

"मंग वर्गात काहून शिकवलं तू?"

"तू बलावलं म्हणून," काकू म्हणाली. "अन् थ्या बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या. तिथं शिकायले कोणी आलंच नाही, असं वाटलं मले. थे पोरगी शिकून राहिली हे पाह्यलं मी. पण तू इतकी खूश होती. काय बोलू?"

त्यानंतर काकू आली नाही. मी बोलावलंही नाही. देवळाच्या लोकांना हॉलची किल्ली परत केली. सोऱ्या, पातेली, सुपं, गोधड्यांचे दोरे ज्यांना हवे त्यांना देऊन टाकले. बायकांनी निरोपसमारंभ करू म्हटलं. मी नको म्हटलं.

त्या मुलीला मुलगा झाला. सहा महिन्यांनी मी नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं घेऊन गेले. घरात जायचं धाडस झालं नाही. सकाळी देवळाच्या पायरीशी थांबले आणि ती दर्शनाला आली तेव्हा तिच्यापुढे पिशवी धरली. तिने आत डोकावून पाहिलं. वरच्या पुस्तकाचं एक पान उलटलं. तिथे टक्केवारीची गणितं होती. ती उभ्या उभ्या वाचत राहिली, ओठ हलत होते. मला वाटलं, घेते आहे. मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. "ठेवायले जागा नाही मॅडम. दिसली तं पुन्हा तेच सारं होईन." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुमी घरी नोका येऊ. तुमी आल्या का त्या दिवशी लय बोलणं होते."

मी पायरीवर बसून राहिले. पुजाऱ्याने विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का? पुस्तकं मी नंतर एका वाचनालयात दिली.

मी अनेक मुलींना शाळेत नापास होताना पाहिलंय, त्यांची शाळा कायमची सुटताना पाहिलंय. त्यांच्यासाठी हळहळले, विसरले. हिला विसरता येत नाही, कारण हिचं मी बाहेरून पाहिलं नाही. पुठ्ठ्यावर नंबर लिहिणारा हात माझा होता. ऑर्डरचा दिवस ठरवणारी मी होते. आणि तिच्याजवळ स्वतःचा म्हणून जो अर्धा तास होता, तोही मीच उघडा पाडला. नवरा म्हणतो, इतकं लावून घेऊ नकोस, तू नसतीस तरी तिचं असंच काहीतरी झालं असतं. तो समजावतो आहे हे मला कळतं. पण त्याच्या वाक्याने मला अधिकच गळाल्यासारखं होतं.

यंदा चैत्रात एका सकाळी फाटक वाजलं. तिची सासू होती, कडेवर नातू. मागचं सगळं त्या विसरल्या होत्या, किंवा उन्हाळा आला की असं धरून बसायला त्यांना सवडच नसावी. पिशवीतून त्यांनी कुरडयांचं पाकीट काढलं. "पहिला घाणा गुरूचा. ती म्हणे नोको देऊ, मी म्हटलं असं कसं?" मग सांगायला लागल्या. यंदा काम वाढलंय. गल्लीतल्या दोन नव्या सुना हाताखाली घेतल्या आहेत. "आमची त्याईले शिकवते. भल्ली कडक आहे शिकवायले. तुमच्यावानीच."

मी विचारलं, ती कशी आहे?

"चांगली आहे की. तिले काय होते?"

त्या गेल्या. पाकीट मी फ्रीजवर ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून तेलाचा वास आला. नवऱ्याने पाकीट फोडलं होतं आणि तो कुरडया तळत होता. पांढऱ्याशुभ्र, फुलून कढईभर झालेल्या. त्याने ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवल्या.

"खा," तो म्हणाला. "टाकून का देणार आहेस?"

मी एक मोडून तोंडात घातली. मग दुसरी. फार चांगल्या झाल्या होत्या.